झोकांडीचा नियम

त्या खाणीत एक नियम होता आणि तो कुणी भिंतीवर लिहिलेला नव्हता. सुरुंगाच्या दिवशी जो माणूस झोकांडी खाईल, ज्याची जीभ जड होईल, त्याला आधी पाइपाने फोडून काढायचं आणि मग पाण्याच्या टाकीमागच्या दगडी खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचं. उतरली की सोडायचं. त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. बायको मधे पडली तर तिलाही दोन ठेवून द्यायच्या.

नियम थोरल्याने घालून दिलेला होता. थोरला म्हणजे खाणीतला सुरुंगवाला. त्याचा बाप याच खाणीत गेला. भोंगा झाल्यावर एक प्यालेला गडी विसरलेली चप्पल आणायला कपारीत परत शिरला, बाप त्याला ओढून आणायला धावला, आणि दोघांचं जे काही हाती लागलं ते एकाच घमेल्यातून खाली आणावं लागलं. थोरल्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं आणि धाकटा भाऊ आईच्या कडेवर होता. पुढे थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं, मारून-मुटकून कामाला लावलं, ड्रिल मशीन चालवायला शिकवलं, बायको पाहून दिली. स्वतःचा संसार मात्र मांडायचा राहूनच गेला. दारूचा वास आला की या माणसाच्या डोळ्यांत रक्त उतरायचं, आणि खाणीतले सगळे म्हणायचे, बरोबर आहे, त्याचं तोच जाणे.

धाकटाही लग्नाआधी प्यायचा. मुलगी झाली आणि त्याने सोडली. बायकोला हे ठाऊक होतं, कारण ती त्याच्या शेजारी झोपायची. थोरला नुसता हुंगत राहायचा.

त्या बायकोला खाणीत सगळे घणवाली म्हणत. बायका फोडलेली खडी घमेल्यातून वाहायच्या, ही एकटी पुरुषांच्या ओळीत उभी राहून दहा किलोचा घण उचलायची आणि डबर फोडायची. खांदे रुंद, तळव्यांना घट्टे. "हिच्याशी भांडताना नवरा दाराबाहेर उभा राहून भांडतो," असं मुकादम म्हणायचा आणि ती म्हणायची, "तुम्ही तर आपल्या घरी भांडायला फाटकाबाहेर उभे राहता." मुकादमाला ते लागायचं, पण असा घण मारणारी दुसरी मिळणार नव्हती.

पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं आणि काम बंद पडतं. म्हणून मालकाने मुकादमाच्या मागे लकडा लावला होता आणि मुकादमाने सगळ्यांच्या. एकाच दिवसात दोन सुरुंग उडवायचे ठरले होते. ड्रिलवाले पहाटेपासून भोकं पाडत होते, अंगावर धूळ बसून माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरी झाली होती. ऊन असं की घणाचा दांडा हातात धरवत नव्हता.

त्या सकाळीच घरात एक गोष्ट झाली होती. दोघं भाऊ चहा पीत बसले होते, म्हातारी सासू मुलीची वेणी घालत होती, आणि धाकट्याच्या हातातली कपबशी सुटून थेट थोरल्याच्या मांडीवर पडली. गरम चहा. थोरला उडालाच.

"डोळे कुठं गेले तुझे?"

"हाताला मुंग्या आल्या," धाकटा म्हणाला. त्याने उजवा हात झटकला, बोटं उघडझाप करून पाहिली. "गेल्या. बघ, गेल्या."

"काल रात्री कुठं होतास?"

"घरात होतो, दादा. हिला विचार."

"मुंग्या प्यालेल्यांनाच येतात."

धाकटा मानेमागे हात धरून म्हणाला की चार दिवस डोकं ठणकतंय. घणवाली चुलीपाशी होती. तिच्या डोक्यात त्या दिवसाचं काम, मुलीचा ताप, आणायचं पाणी, असं शंभर काही होतं. ती म्हणाली, "नखरे करू नका. दिवसभर ते मशीन छातीशी धरून थरथरता, मुंग्या येणारच. मला नाही का येत." त्यावर सासू म्हणाली, "मागच्या वर्षी त्या गाडीतल्या बाईने तुझा बीपी जास्त सांगितला होता ना? त्या गोळ्यांचं काय केलंस?"

धाकटा हसला. खाणीवर एकदा तपासणीची गाडी आली होती, त्यात त्याचा आकडा इतका वर गेला की तपासणाऱ्या बाईने दोनदा मोजला. गोळ्या दिल्या, दर महिन्याला दाखवायला सांगितलं. मग महिनाभर गडी त्याला 'आजोबा' म्हणून हाक मारत होते. आजोबा, काठी देऊ का. आजोबा, नातवंडं काय म्हणतात. त्याने गोळ्या खडीच्या क्रशरच्या खड्ड्यात फेकल्या आणि गालात तंबाखूची गोळी धरली.

"बीपी म्हाताऱ्यांना असतो, आई," तो म्हणाला. "मी अजून तिशीत आहे."

पहिला भोंगा झाला तेव्हा घणवाली क्रशरच्या अलीकडे डबर फोडत होती. पहिला भोंगा म्हणजे हत्यारं आवरा आणि मागे या. दुसरा म्हणजे आडोशाला जा. तिसऱ्यानंतर बत्ती. तिने घण खांद्यावर टाकला, तोच तिला वरच्या टप्प्यावर माणसांचं कडं झालेलं दिसलं. कड्याच्या मधे काळा पाइप वर जात होता आणि खाली येत होता.

कोण सापडला आज, असं मनात म्हणत ती चढू लागली. वर पोचेपर्यंत तिला कुणाची हाकही ऐकू आली नाही, फक्त रबर अंगावर बसल्याचा आवाज. ओलं कापड दगडावर आपटावं तसा.

कड्याच्या मधे तिचा नवरा गुडघ्यांवर बसला होता.

थोरला त्याला मारत होता. हातात कॉम्प्रेसरचा रबरी पाइप, त्याच्या टोकाला पितळेचा जोड. शर्ट फाटून पाठ उघडी पडली होती आणि पाठीवर बोटाएवढे जाड वळ उठले होते. थोरला एकेका शब्दाला एकेक पाइप हाणत होता. "कुठं. ढोसलीस. सांग. कुठं. ढोसलीस."

धाकट्याने तोंड वर केलं. तोंड एका बाजूने खाली ओघळलं होतं, दुसऱ्या बाजूने ओठ वर गेला होता. कुणालाही वाटावं की माणूस छद्मी हसतोय. तोंडातून लाळ आणि घरघर, शब्द म्हणून काही नाही.

"हसतोस?" थोरल्याचा आवाज फाटला. "बाप जिथं मेला तिथं उभा राहून हसतोस?"

आणि त्याने लाथ घातली. धाकटा कुशीवर पडला.

घणवालीने कडं फोडलं. भांडणं तिने पुष्कळ पाहिली होती, या दोन भावांचीही. थोरल्याने हात उचलला की धाकटा दोन्ही कोपरं डोक्यावर घ्यायचा, लहानपणापासूनची ती सवय. आत्ता एकच कोपर वर गेलं होतं. डावं. उजवा हात मातीत पडला होता, तळवा आभाळाकडे, जसा दुसऱ्या कुणाचा हात कुणीतरी तिथं टाकून गेलं असावं. त्या हातावर पाइप बसला तरी तो हलला नाही.

"भाऊजी, थांबा. त्याच्या हाताला काहीतरी झालंय."

"बाजूला हो."

"हात हलत नाही त्याचा. बघा तरी."

"दारू प्यालेल्याचं काय हलतं?" मुकादम म्हणाला. त्याने तिच्या दंडाला धरून मागे खेचलं, तिने हात झटकला, आणि मुकादमाने तिच्या कानाखाली अशी काढली की तिच्या तोंडात रक्ताची चव आली. कड्यातलं कुणी हललं नाही. नियमच होता तसा.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो धापा टाकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुळीत त्याचे दोन ओघळ झाले होते. "पंधरा भोकं ठासून झालीत," तो म्हणाला. "हा बत्तीच्या तारेवर पडला. तारेवर, कळलं का? आज सगळे गेलो असतो. न्या याला."

दोघांनी धाकट्याला काखेत धरून ओढत नेलं. त्याचा उजवा पाय मागे रेघ काढत गेला. दगडी खोलीचं लोखंडी दार आपटलं, कुलूप लागलं, किल्ली मुकादमाच्या खिशात गेली. दुसरा भोंगा झाला.

"दुपारपर्यंत उतरेल," मुकादम तिला म्हणाला. "मग घेऊन जा तुझा हिरो."

सगळे आडोशाकडे पळाले. घणवालीही पळाली, सवयीने, दहा-वीस पावलं. मग तिच्या पायांनीच ऐकलं नाही. ती टाकीच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. दाराच्या आतून आवाज येत होता. कुणीतरी टाच घासावी तसा. मग तोही थांबला.

तिसरा भोंगा झाला आणि तिने घण उचलला.

पहिला घाव कुलपावर बसला नाही, दारावर बसला. दुसरा कडीवर. तेवढ्यात खाण उडाली. जमीन पायाखालून ओढल्यासारखी झाली, टाकीतलं पाणी उसळून तिच्या डोक्यावर पडलं, आणि वरून दगड कोसळू लागले. नारळाएवढा एक दगड पत्रा फोडून गेला. एक कपचा तिच्या खांद्यात घुसला. तिने ओठ दाताखाली धरला आणि घण मारत राहिली. धुळीत काहीच दिसत नव्हतं, ती कुलूप आठवून मारत होती. कडीसकट कुलूप तुटून पडलं तेव्हा ती दारासकटच आत गेली.

तो भिंतीच्या कडेला वाकडा पडला होता. पॅंट ओली झाली होती. डोळे उघडे, पण एकाच बाजूला लागलेले. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाजवळ नाक नेलं. तंबाखू आणि रक्त. दुसरा वास नाही. लग्नाआधीची त्याची दारू तिने पाहिलेली होती, तिला वास कळत नव्हता असं नाही.

"मी आहे," ती म्हणाली. "माझा हात धरा."

त्याने डावा हात पुढे केला. तिने उजवा उचलून पाहिला. सोडला तसा तो दगडासारखा खाली आपटला. तो बोलायला गेला. तोंडातून जे आलं ते ऐकून त्याचाच चेहरा घाबरला. आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळत होतं, हे तिला त्या डोळ्यांत दिसलं.

ती त्याला पाठुंगळी घेऊन बाहेर आली तेव्हा धूळ बसत होती आणि माणसं परतत होती. मुकादम पुढे होता.

"कुलूप कुणी तोडलं? अजून दुसरा सुरुंग व्हायचाय. टाक त्याला आत."

तिने नवऱ्याला टाकीशी टेकवून बसवलं. घण उचलला. मुकादमाची मोटरसायकल तिथंच सावलीत उभी होती. पहिल्या घावात दिवा गेला. दुसऱ्यात पेट्रोलची टाकी चेपली. तिसऱ्याला तिने घण डोक्यावर धरला आणि मुकादमाकडे वळली.

"गाडी द्या," ती म्हणाली. "टिपर. नाहीतर हा घण कुठं बसेल मला सांगता येणार नाही."

मुकादम मागे सरकला. "वेडी झाली ही. अरे धरा तिला."

कुणी पुढे येईना. तेवढ्यात थोरला आला. हातात अजून पाइप होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "वास घ्या त्याचा."

"काय?"

"आयुष्यभर वास घेत आलात ना त्याचा? आज न घेताच मारलंत. घ्या वास."

थोरला गुडघ्यांवर बसला. त्याने भावाच्या वाकड्या तोंडाजवळ नाक नेलं. बराच वेळ तो तसाच राहिला. मग त्याने त्याच्या शर्टाचा वास घेतला, केसांचा घेतला, परत तोंडाचा घेतला. भांडं रिकामं आहे हे दिसत असूनही माणूस हात घालून चाचपत राहतो तसा. धाकट्याची एक पापणी फडफडत होती. थोरल्याच्या हातातला पाइप कधी गळून पडला ते त्यालाही कळलं नाही. त्याने भावाला दोन्ही हातांवर उचललं आणि टिपरकडे धावत सुटला.

टिपरवाला पिकल्या मिशांचा माणूस होता. चढावर गियर टाकता टाकता त्याने एकदा मागे पाहिलं. "अंगावरून वारं गेलंय," तो म्हणाला. "माझ्या सासऱ्याचं असंच झालं होतं. पण ते सत्तरीचे होते. हा तर पोरगा आहे."

"मग?"

"वाटेत एक तेल चोळणारा आहे. हात चांगला आहे त्याचा. चार दिवस ठेवून घेतो."

थोरला लगेच म्हणाला, "तिकडे घे." त्याला काहीतरी करायचं होतं, आत्ताच्या आत्ता, जवळ असेल ते.

घणवालीच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं. तिलाही काही माहीत नव्हतं. पण मघाशी पापणी तरी फडफडत होती, आता तीही मंदावली होती, आणि असं दर वळणाला काहीतरी कमी होत चाललेल्या माणसाला चार दिवस ठेवून घेणाऱ्याकडे न्यायचं तिच्या जिवावर आलं. "सरकारी दवाखाना लागतो ना फाट्यावर? तिथं थांबवा," ती म्हणाली. "तेल नंतर."

फाट्यावरच्या दवाखान्यातली सिस्टर टिपरच्या पायरीवर चढली. तिने धाकट्याला उतरवूच दिलं नाही.

"हसून दाखवा," ती त्याला म्हणाली. तोंड अर्धंच हललं. "दोन्ही हात वर करा." एकच वर गेला. "नाव सांगा." घरघर. सिस्टर तेवढ्यातच खाली उतरली आणि खिशातून फोन काढत म्हणाली, "मेंदूचा झटका आहे. लकवा म्हणता ना, तो. इथं एक मिनिट घालवू नका. मोठ्या दवाखान्यात न्या, मी त्यांना सांगून ठेवते. तोंडात पाणीही घालू नका, श्वासात जाईल."

"या वयात?" थोरला म्हणाला.

"मागच्या महिन्यात सव्वीस वर्षांची बाई आली होती, कडेवर मूल होतं. घरच्यांना वाटलं झोप झाली नाही. झटका वय विचारून येत नाही, दादा. बीपी होता का याला?"

घणवालीने नवऱ्याचं डोकं परत मांडीवर घेतलं. टिपर सुटला.

मोठा दवाखाना यायच्या आत थोरल्याचा फोन वाजला. मुकादम इतक्या जोरात बोलत होता की घणवालीलाही ऐकू येत होतं. "हे बघ, पडला म्हणायचं. टप्प्यावरून पाय घसरून पडला. मारलं म्हणालास तर पोलीस येतील, पहिला तू आत जाशील, मग खाणीला टाळं. म्हातारी आई आहे तुझी. पडला. कळलं?"

थोरल्याने फोन खिशात ठेवला.

दवाखान्यात धाकट्याला चाकाच्या खाटेवरून पळवत नेलं, डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. चष्म्यावर घाम, बोलणं भराभर.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नक्की कधी सुरू झालं?"

"पहिल्या भोंग्याच्या थोडं आधी," थोरला म्हणाला आणि वेळ सांगितली. भोंग्याची वेळ तो झोपेतही सांगू शकला असता.

"म्हणजे अजून वेळ आहे. आता दुसरं. पाठीवर एवढे वळ कसले?"

"पडला."

"पडून वळ उठत नाहीत. मला पोलिसांशी आत्ता देणंघेणं नाही. मला एवढंच सांगा, डोक्याला मार लागलाय का? केसांत सूज आहे, रक्त वाळलेलं आहे. डोक्याला जोराचा मार असताना हे इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस टेबलावर जातो. आणि मार नसताना दिलं नाही तर हात, पाय, वाचा जाते. कुठला दगड लागला, किती उंचीवरून पडला, काय झालं?"

घणवाली थोरल्याकडे पाहत होती. ती वर पोचायच्या आधी काय झालं ते तिने पाहिलं नव्हतं. इथं ते पाहणारा एकच माणूस होता आणि मारणाराही तोच.

"भाऊजी," ती हळू म्हणाली, "डोक्यात मारलंत का?"

त्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला.

"तुम्ही आत जाल, मी आई सांभाळीन. पण आत्ता खोटं बोललात आणि तो मेला तर मी तुम्हाला पोलिसांसाठी शिल्लक ठेवणार नाही. डोक्यात मारलंत का?"

"पहिलाच," थोरला म्हणाला. "पहिलाच डोक्यात मारला. पितळेच्या टोकाने. उलटा धरला होता पाइप. कटकन आवाज आला." त्याने स्वतःच्या डोक्यावर, कानाच्या मागे, बोट ठेवून जागा दाखवली. "इथं. मी मारलं. लिहून घ्या."

डॉक्टरीणबाई आत पळाली. फोटो पुन्हा पाहिला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवला. बाहेर आली तेव्हा तिचे खांदे पडले होते.

"कवटीला तडा आहे, बारीक. मघाशी गाठ शोधण्याच्या घाईत नजरेतून सुटला होता. इंजेक्शन देता येणार नाही. दुसरा उपाय आहे, मांडीच्या नसेतून तार घालून गाठ ओढून काढायची, पण ते यंत्र इथं नाही, मोठ्या शहरात आहे. गाडी सांगितली आहे. पोचाल तेव्हा जेवढा मेंदू शिल्लक असेल तेवढा वाचेल."

"मी मारलं नसतं तर?" थोरल्याने विचारलं.

ती फोटो पाकिटात घालू लागली. त्याने पुन्हा विचारलं.

"तर आत्ता इंजेक्शन चालू असतं," ती म्हणाली.

घणवालीने त्याला तिथेच मारलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसलेल्या लोकांसमोर, घण धरणाऱ्या मुठीने. तोंडावर, छातीवर, मिळेल तिथं. त्याचा एक दात पडला. त्याने हात वर केला नाही. वॉर्डबॉय आणि टिपरवाला मिळून तिला ओढेपर्यंत ती मारत होती, आणि बाहेर गाडी येऊन उभी राहिली तेव्हा हातांचं रक्त पदराला पुसून ती नवऱ्याशेजारी चढली. थोरल्याला तिने चढू दिलं नाही.

गाठ निघाली. उशिरा निघाली, पण निघाली. धाकटा जगला. उजवा पाय ओढत का होईना टाकू लागला, हात मात्र मेला तो मेला, आणि वाचा गेली. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की वाढलेला बीपी, तंबाखू आणि त्यात दुर्लक्ष. सकाळी कपबशी पडली तीच पहिली सूचना होती, तेव्हाच आणलं असतं तर. घणवालीने ते ऐकून घेतलं. चुलीपाशी बसून आपण काय म्हणालो होतो ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर खाणीवर कुणाचं डोकं ठणकतंय म्हटलं तर तिने कुणाला हसू दिलं नाही.

पोलीस आले. थोरल्याने जे दवाखान्यात सांगितलं तेच सांगितलं. काही दिवस आत राहिला, मग जामिनावर सुटला, खटला उभा राहिला. खाणीत मालकाने दुसरा सुरुंगवाला आणला. थोरला क्रशरवर घमेली वाहू लागला, बायकांच्या ओळीत. घणवाली त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. त्याचं ताट सासू वाढायची.

धाकट्याला बोलायला शिकवणारी एक बाई दर आठवड्याला फाट्यावरच्या दवाखान्यात यायची. तिने बारा प्रकार करून पाहिले. चित्रं, आकडे, गाणी. काही नाही. मग एका संध्याकाळी धाकटा अंगणात खाटेवर बसला होता आणि थोरला त्याच्या कानाशी आलेल्या मधमाशीला हाकलायला गेला. त्याने हात उचलला.

"मारू नको, दादा," धाकटा म्हणाला.

स्वच्छ. अक्षरन् अक्षर. मुलगी खेळायची थांबली. सासूच्या हातातलं पाखडायचं सूप खाली गेलं. डावं कोपर डोक्यावर धरून धाकटा पुन्हा म्हणाला, "मारू नको, दादा."

थोरला तसाच मागे मागे गेला आणि भिंतीला पाठ लागली तिथं खाली बसला.

शिकवणाऱ्या बाईला घणवालीने हे सांगितलं तेव्हा बाईने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "वाईट वाटेल, पण ऐका. त्याच्या मेंदूला एवढीच एक वाट सापडली आहे. ती बुजू देऊ नका. रोज बोलायला लावा, पुन्हा पुन्हा. त्याच वाटेने दुसरे शब्द येतील."

"रोज?"

"रोज. ज्या कारणाने बोलला, त्याच कारणाने."

निरोप सासूने थोरल्याला दिला. त्या दिवसापासून थोरला रोज संध्याकाळी क्रशरवरून यायचा, हातपाय धुवायचा, भावासमोर उभा राहायचा आणि हात उगारायचा. धाकट्याचं कोपर वर जायचं, "मारू नको, दादा." थोरला म्हणायचा, "नाही मारत." पुन्हा हात. पुन्हा तेच. आधी शेजारीपाजारी कुंपणाशी यायचे, मग त्यांनाच पाहवेना. अंधार पडायला लागला की थोरला हात खाली घ्यायचा आणि घराच्या मागे जाऊन उलटी करायचा. पण दुसऱ्या दिवशी यायचाच. एकदा तापाने फणफणला होता, तेव्हा भिंत धरून उभा राहिला आणि हात उगारला. घणवाली हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. चुलीतून लाकूड मागे ओढायची, पुढे सारायची. त्याला पुरे म्हणायचं तिच्या कधी ओठांवर आलं नाही.

पावसाळा सरला, खाणीतलं पाणी उपसून काम पुन्हा सुरू झालं, आणि एका संध्याकाळी थोरल्याने नेहमीसारखा हात उगारला.

धाकट्याचं कोपर वर गेलं नाही.

तो नुसता बघत बसला. थोरल्याच्या हाताकडे, त्या हातामागच्या तोंडाकडे. थोरल्याला वाटलं, गेली, ती एक वाटही बुजली. त्याचा हात वरच राहिला. "म्हण," तो म्हणाला. "म्हण ना रे. मारू नको म्हण."

धाकट्याचे ओठ हलले. अर्धं तोंड काम करत होतं, अर्धं मागून ओढलं जात होतं. गालावरून लाळेचा ओघळ आला, तो त्याने डाव्या हाताने पुसला.

"दु...खेल," तो म्हणाला.

"काय?"

"हात." त्याने श्वास घेतला. "दुखेल. तुझा."

थोरला हात हवेत तसाच धरून उभा. चुलीपाशी लाकूड ओढल्याचा आवाज थांबला. घणवाली दारात आली. कितीतरी महिन्यांनी तिने त्याच्याकडे तोंड करून तोंड उघडलं.

"ऐकलंत ना, भाऊजी," ती म्हणाली. "घ्या तो हात खाली."